घरात आजारी माणूस आणि मे महिन्यातलं युरोप: कॅन्सलेशनचा विमा नेमका कुठे उपयोगी पडतो

उन्हाळ्यातल्या युरोप टूरचे पैसे बऱ्याच घरांत दिवाळीच्या आसपास भरले जातात, कारण लवकर बुकिंगची सूट तेव्हा असते. विमान मे महिन्यात. मधल्या सहा महिन्यांत घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आईंना किंवा सासूबाईंना काही झालं तर भरलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न बुकिंग करतानाच डोक्यात येतो आणि मग कोणीतरी म्हणतं, "अरे, इन्शुरन्स काढून टाक, मिळतात सगळे परत."

सगळे मिळत नाहीत, आणि काही वेळा काहीच मिळत नाही. ट्रिप कॅन्सलेशनचा विमा अचानक आलेल्या संकटासाठी असतो. ज्या दुखण्याच्या भीतीने आपण तो घेतो, नेमकं तेच दुखणं त्यात सहसा बसत नाही. हे पॉलिसी घेण्याआधी कळलं तर पैसे योग्य जागी घालता येतात.

आधी एक घोळ निस्तरू. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) जी पॉलिसी लागते तिच्यात किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर असावं लागतं: तिकडे आजारी पडलात तर दवाखाना, आणीबाणीत मायदेशी परत आणणं वगैरे. घरून निघण्याआधीच प्रवास रद्द झाला तर काय, याच्याशी त्या अटीचा काही संबंध नाही. स्वस्तातल्या व्हिसा पॉलिसीत कॅन्सलेशन बऱ्याचदा नसतंच, किंवा असलं तर नावापुरतं. टूर कंपनीने 'विमा समाविष्ट' असं छापलेलं असतं तेव्हाही हेच. त्यांच्याकडून ग्रुप पॉलिसीचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्यात 'ट्रिप कॅन्सलेशन' ही ओळ आणि तिच्यापुढचा आकडा शोधा. ओळ नसेल तर ते कव्हर नाही, टूर मॅनेजर कितीही खात्रीने सांगो. रेल्वेच्या तिकिटाबरोबर ४५ पैशांत मिळणारा विमाही अपघाताचा आहे. तिकीट रद्द केलं म्हणून त्यातून काही मिळत नाही.

दुसरा घोळ तारखेचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, आणि विमा लोक त्या फाइलसाठी, म्हणजे मार्च-एप्रिलात काढतात. कॅन्सलेशनचं कव्हर पॉलिसी निघाल्यापासून निघायच्या दिवसापर्यंत चालतं. नोव्हेंबरात पैसे अडकले आणि विमा मार्चअखेर घेतला, तर मधल्या चार-पाच महिन्यांत जे घडलं ते उघड्यावर. एवढंच नाही, फेब्रुवारीत आईंना पॅरालिसिसचा झटका आला असेल तर मार्चमधल्या पॉलिसीच्या दृष्टीने तो 'आधीपासूनचा आजार' झाला. म्हणून कॅन्सलेशन हवं असेल तर पॉलिसी बुकिंगची पहिली रक्कम भरली त्याच आठवड्यात घ्या. व्हिसासाठी तीच पॉलिसी चालते, फक्त प्रवासाच्या तारखा बरोबर हव्यात. तारखा पुढे-मागे झाल्या तर बदलून मिळतात का, हे घेतानाच विचारा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पॉलिसी वर्डिंग. माहितीपत्रक नव्हे, ते चाळीस-पन्नास पानांचं पीडीएफ. कंपनीच्या साइटवर ते 'डाउनलोड्स'मध्ये दडलेलं असतं. सगळं वाचायची गरज नाही. चार जागा वाचा: 'इमीजिएट फॅमिली'ची व्याख्या, 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज'ची (आधीपासूनच्या आजाराची) व्याख्या, ट्रिप कॅन्सलेशनचं कलम, आणि शेवटी सगळ्या कव्हरना लागू होणारे जनरल एक्स्क्लुजन्स, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्याची यादी.

कुटुंबाच्या व्याख्येत नवरा-बायको, मुलं, आई-वडील बहुधा असतात. सासू-सासरे बऱ्याच ठिकाणी असतात, सगळीकडे नाही. भाऊ-बहीण काही ठिकाणी. आजी-आजोबा, काका, आत्या, मावशी सहसा नाहीत. आपल्याकडे मावशीने वाढवलेलं असतं आणि तिच्या आजारपणात दौरा सोडून थांबणं कोणालाच वावगं वाटत नाही, पण पॉलिसीला हे नातं कळत नाही. व्याख्येत वयाची अट घातली आहे का, आणि तो नातलग भारतातच राहणारा हवा असं म्हटलं आहे का, तेही पाहा.

कॅन्सलेशनच्या कलमात कारणांची यादी असते आणि यादीबाहेरचं काही मिळत नाही. "जावंसं वाटेना" किंवा "डॉक्टर म्हणाले, राहिलात तर बरं" हे कारण यादीत नसतं. नातलगाचा मृत्यू, गंभीर इजा, किंवा हॉस्पिटलात भरती व्हावं लागेल असा अचानक आजार, अशी साधारण भाषा असते. भरतीची अट बारकाईने वाचा. किमान २४ तास ॲडमिट हवं, निघण्याच्या दिवशी माणूस हॉस्पिटलातच हवा, किंवा निघण्याआधीच्या ठरावीक दिवसांत भरती झालेली हवी, अशा वेगवेगळ्या तऱ्हा सापडतात. निघण्याच्या चार दिवस आधी डिस्चार्ज मिळाला, पण आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि घरी दुसरं कोणी नाही, ही सर्वांत सामान्य परिस्थिती. पॉलिसी तिला धरते की नाही हे त्या एका वाक्यावर ठरतं.

मग आधीपासूनचा आजार. २०२४ पासून विमा नियामकाच्या व्याख्येत पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतले असा आजार यात येतो. त्याआधी ही मुदत ४८ महिन्यांची होती. ही व्याख्या आरोग्य विम्याच्या अंगाने केलेली आहे. प्रवास विम्याच्या वर्डिंगमध्ये तीच जशीच्या तशी उचललेली असते किंवा स्वतःची, कधी मुदतच न घातलेली, वेगळी असते. रोजची बीपीची गोळी चालू असेल तर ३६ आणि ४८ मधला फरक कामाचा नाही, कारण उपचार चालूच आहेत.

पण खरा पेच पुढे आहे. आधीपासूनच्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, हे अपवर्जन कोणाच्या आजाराला लागू? काही वर्डिंगमध्ये 'विमाधारकाचा आधीपासूनचा आजार' एवढंच लिहिलेलं असतं. विमाधारक म्हणजे प्रवासाला जाणारे तुम्ही. घरी राहणाऱ्या सासूबाई विमाधारक नाहीत, म्हणजे शब्दशः वाचलं तर त्यांच्या मधुमेहाला ते अपवर्जन लागत नाही. दुसऱ्या कंपनीच्या वर्डिंगमध्ये 'विमाधारक, सहप्रवासी किंवा कुटुंबीय' असं सगळ्यांना गुंडाळलेलं असतं. तिथे वाद संपला. शिवाय कॅन्सलेशनच्या कलमात 'अचानक, अनपेक्षित' हे शब्द असतात आणि कंपनी त्यावरही बोट ठेवू शकते. दोन पॉलिसींच्या प्रीमियममध्ये दोनशे रुपयांचा फरक पाहून निवड करण्यापेक्षा या एका वाक्यातल्या फरकावरून निवड करणं कितीतरी शहाणपणाचं. वर्डिंग संदिग्ध असेल तर तिचा अर्थ पॉलिसीधारकाच्या बाजूने लावावा हे तत्त्व आपली न्यायालयं मानतात. अर्थात तिथवर जायची वेळ येऊ नये.

फॉर्ममध्ये घरी राहणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल सहसा काही विचारत नाहीत. यावरून लोक समजतात की विचारलं नाही म्हणजे चालतं. तसं नाही. चौकशी होते ती क्लेमच्या वेळी. स्वतःच्या आजाराबद्दल मात्र विचारतात आणि तिथे काहीही लपवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका प्रवास विम्याचं प्रकरण होतं: मधुमेह जाहीर केलेल्या प्रवाशाला अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने आधीपासूनच्या आजाराचं कारण देऊन क्लेम नाकारला. न्यायालयाने कंपनीचा नकार रद्द केला. आजार सांगितलेला होता, तो तपासून पॉलिसी दिली, मग त्याच आजाराकडे बोट दाखवून हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. प्रकरण उपचारखर्चाचं होतं, कॅन्सलेशनचं नव्हे, पण जाहीर केलेली गोष्ट पुढे ढालीसारखी उपयोगी पडते हे त्यातून दिसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल करा. कॉल सेंटरवर "हो सर, फॅमिली कव्हर आहे" एवढंच ऐकायला मिळतं. ईमेलमध्ये पॉलिसीचं नाव लिहून साधा प्रश्न विचारा: "माझ्या सासूबाई, वय ८१, प्रवासाला येणार नाहीत. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह व उच्च रक्तदाब आहे, २०२२ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. प्रवासाआधी त्या (अ) हृदयविकाराने, (ब) पडून हाड मोडल्याने, (क) डेंगी किंवा न्यूमोनियाने ॲडमिट झाल्या, तर ट्रिप कॅन्सलेशनचा क्लेम ग्राह्य धरला जाईल का? कोणत्या कलमानुसार?" कलम मागितलं की उत्तर जबाबदारीने येतं. उत्तर आलंच नाही, तरी त्यातून कंपनीचा अंदाज येतो.

या तीन उपप्रश्नांतच उत्तर दडलेलं आहे. (अ) जवळपास सगळीकडे अडकण्याची शक्यता. (ब) आणि (क) मध्ये विमा खरोखर उपयोगी. म्हातारपण हा काही आजार नाही. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडणं ही इजा आहे, डेंगी हा नवा आजार आहे. मधुमेह असल्यामुळे न्यूमोनिया बळावला असं म्हणून कंपनी ताणू शकते, पण तिथे तुमची बाजू भक्कम असते. ठरलेली शस्त्रक्रिया, बायोप्सीचा रिपोर्ट यायचा बाकी, किंवा डॉक्टरांनी "आता किती दिवस सांगता येत नाही" असं म्हटलेलं, अशा स्थितीत मात्र त्या माणसाच्या भरवशावर कॅन्सलेशन विमा घेऊ नका. घटना घडण्याआधीच ती तुम्हाला माहीत होती, हे केसपेपरच सांगतील. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनीही लक्षात ठेवा: बाळंतपण आणि त्यातून उद्भवलेल्या गोष्टी बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात.

आकड्यांकडे येऊ. समजा दोघांची टूर, माणशी ३ लाख, एकूण ६ लाख. निघण्याला वीस दिवस असताना रद्द केली आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ७५ टक्के कपात, म्हणजे साडेचार लाख गेले. पॉलिसीत कॅन्सलेशनची मर्यादा माणशी १,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर माणशी ८५,०००, दोघांचे १ लाख ७० हजार. राहिलेले २ लाख ८० हजार तुमच्या खिशातून. वर डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली तुम्हीच सोसायची ठरलेली रक्कम, असेल तर तेवढं आणखी कमी. ऑनलाइन तुलना करताना ठळक दिसणारा १ लाख किंवा अडीच लाख डॉलरचा आकडा वैद्यकीय खर्चाचा असतो. कॅन्सलेशनचा आकडा शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या कव्हरच्या तक्त्यात) खाली, बारीक अक्षरात. तो तुमच्या न परतणाऱ्या रकमेच्या जवळपास नसेल तर वरचा प्लॅन घ्या किंवा या कव्हरवर विसंबू नका.

नुकसान मोजतानाही काही गोष्टी वजा होतात. टूर पॅकेजवर भरलेला टीसीएस (टूर कंपनी तुमच्याकडून गोळा करून सरकारजमा करते तो कर) हा तुमचा आगाऊ कर आहे. तो आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसतो, रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून विमा कंपनी त्याला नुकसान मानत नाही. विमानाचं तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीत असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे. ती आधी विमान कंपनीकडून घ्या. आणि टूरवाल्याने रोख परताव्याऐवजी क्रेडिट नोट (पुढच्या टूरला वापरायची रक्कम) दिली आणि तुम्ही ती घेतलीत, तर तेवढं नुकसान झालंच नाही असं धरलं जातं. ज्या घरात आजारपण लांबणार आहे तिथे पुढच्या वर्षापर्यंतची क्रेडिट नोट काय कामाची, याचा विचार सही करण्याआधी करा.

मग ठाऊक असलेल्या आजारासाठी करायचं काय? तिथे विमा सोडून बुकिंगकडेच बघा. टूर कंपन्यांचे कपातीचे तक्ते मागून शेजारी शेजारी ठेवा. कुठे ४५ दिवसांपर्यंत फक्त बुकिंग अमाउंट जाते, कुठे ६० व्या दिवसापासूनच कपात चढू लागते. दहा-पंधरा हजार महाग असलेली, पण उशिरापर्यंत कमी कापणारी टूर अशा घरासाठी स्वस्त पडते. तारीख बदलून मिळते का, एका माणसाच्या जागी दुसरं नाव चालतं का, हे लेखी घ्या. स्वतः आखून जाणाऱ्यांनी हॉटेलं 'मोफत रद्द करता येणारी' घ्यावीत आणि विमानाचा फ्लेक्सी, म्हणजे बदलायला-रद्द करायला सोपा, भाडेप्रकार बघावा. तिकीट साइटवर 'झीरो कॅन्सलेशन' नावाचं जे काही विकतात तो बहुधा विमा नसतो, साइटची जादा फी घेऊन दिलेली सवलत असते. पण त्यात कारण विचारत नाहीत, आणि जुन्या आजाराच्या बाबतीत हाच मोठा फायदा. फक्त तीन गोष्टी तपासा: माणशी कमाल किती, निघण्याआधी किती तासांपर्यंत चालतं, आणि पैसे खात्यात येतात की साइटच्या वॉलेटमध्ये.

बरोबर जाणाऱ्यांचंही बघा. दोन भावांची कुटुंबं एकत्र चालली आहेत, पण बुकिंग वेगळं, पॉलिसी वेगळ्या. आई ॲडमिट झाली तर दोघांचंही ते 'आई' हे नातं असल्याने दोघे वाचतात. पण मित्रांच्या चार जोडप्यांत एकाने माघार घेतली तर बाकीच्यांना 'सहप्रवासी' या व्याख्येवर अवलंबून राहावं लागतं, आणि ती बहुधा एकाच बुकिंगवरच्या किंवा एकाच पॉलिसीतल्या माणसांपुरती असते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं गणित निराळं आहे आणि बरंचसं सोयीचं. तिथे पुण्यातली, न प्रवास करणारी आईही बहुतेक पॉलिसींत कुटुंबीय धरली जाते. आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसीच्या आधीचे ६० ते १८० दिवस पाहतात, आणि त्या काळात औषधाचा डोस बदलला, अगदी कमी झाला तरी, तब्येत 'स्थिर' नव्हती असं ठरू शकतं. पण पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत, न परतणाऱ्या पूर्ण खर्चाचा विमा घेतला तर हे अपवर्जन माफ करणाऱ्या पॉलिसी मिळतात. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची सोयही असते. ती महाग, परत मिळतात ५० ते ७५ टक्के, आणि साधारण ४८ तास आधी रद्द करावं लागतं. आई-वडिलांना तिकडे बोलावताना घेतात तो व्हिजिटर इन्शुरन्स ही वेगळी गोष्ट. तो मुख्यतः तिथल्या उपचारांसाठी असतो.

शेवटी क्लेम. घरात धावपळ असते तेव्हा पहिली चूक होते ती उशिराची. "दोन दिवस बघू, उतरेल ताप" म्हणत कपातीची पुढची पायरी ओलांडली जाते, आणि कारण घडल्यानंतर तुमच्या उशिराने वाढलेली कपात द्यायला कंपनी नकार देऊ शकते. जाणं शक्य नाही असं डॉक्टर म्हणाले की त्याच दिवशी टूर कंपनीला ईमेलने रद्द करा आणि विमा कंपनीला कळवा. दुसरी चूक म्हणजे प्रवास रद्द झाला म्हणून पॉलिसीही रद्द करून प्रीमियम परत मागणे. हजार-दोन हजारांसाठी ज्या कागदावर क्लेम करायचा तोच कागद हातचा जातो.

तिसरी सर्वांत महागाची, आणि ती घडते कॅज्युअल्टीत. निवासी डॉक्टर विचारतात, "शुगर कधीपासून?" घाबरलेला मुलगा म्हणतो, "असेल दहा-बारा वर्षं." ते 'नोन केस ऑफ' (आजार आधीपासून माहीत असलेला रुग्ण) म्हणून केसपेपरवर चढतं, तिथून डिस्चार्ज समरीत उतरतं, आणि क्लेम तपासणारा माणूस नेमकी तीच ओळ वाचतो. कधी शुगर वर्षभरापूर्वीच निघालेली असते, कधी बीपी कधीच नसतं. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, ते अंगाशी येतं. पण जुनी फाइल हाताशी ठेवा, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, आणि डिस्चार्जच्या वेळी समरी वाचून चुकीचं वर्ष तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर दुरुस्त केलेल्या कागदाकडे संशयाने पाहतात.

कागदांत ॲडमिशन आणि डिस्चार्जची कागदपत्रं, बुकिंगचं बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, किती कापले ते दाखवणारं कॅन्सलेशन इनव्हॉइस, न वापरलेली तिकिटं, रद्द केलेला चेक, आणि नात्याचा पुरावा लागतो. सासूबाईंशी नातं दाखवायला लग्नाचा दाखला आणि जोडीदाराच्या आईचं नाव असलेला जन्मदाखला किंवा पासपोर्ट. डॉक्टरांच्या वेगळ्या दाखल्यात आजाराचं नाव, तो कधी सुरू झाला, आणि अमुक तारखेला घरच्या माणसाने जवळ असणं आवश्यक आहे, एवढं स्पष्ट हवं. "रुग्णाची तब्येत ठीक नाही" यावर क्लेम मिळत नाही.

नाकारला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि नकाराचं कलम मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), आणि नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. अर्जाबरोबर पॉलिसी घेण्याआधी केलेला तो ईमेल आणि त्याला आलेलं उत्तर जोडा.